स्मार्ट म्हणजे नेमकं काय हो?

परवा आमच्या गल्लीत विजेचे मीटर बदलायला दोन पोरं आली. शेजारच्या काकूंनी विचारलं, "जुनं चांगलं चालू आहे की, कशाला बदलताय?"

"काकू, हे स्मार्ट आहे."

"म्हणजे काय?"

पोराने दुसऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "म्हणजे... स्मार्ट!"

काकूंनी दार लावून घेतलं. आता गल्लीत चर्चा अशी की काकू अडाणी. खरं सांगायचं तर पत्रकाराने विचारायचा प्रश्न त्यांनी विचारला. मी डिप्लोमावाला गॅलरीत चहा पीत उभा होतो.

या शब्दाची गंमत बघा. जुन्या इंग्रजीत हे विशेषण 'झोंबणारं, वेदना देणारं' या अर्थाचं होतं. क्रियापदात तो अर्थ अजून जिवंत आहे, जखमेवर औषध लावल्यावर जे होतं ते. पुढे त्याचा अर्थ चपळ झाला, मग हुशार, मग टापटीप. इंग्लंडात स्मार्ट म्हटलं की आधी कपडे आठवतात, अमेरिकेत डोकं. व्हिएतनाम युद्धाच्या काळात लेझरने नेम धरणाऱ्या बॉम्बला स्मार्ट म्हणायला लागले, आणि मग यंत्रांनाही अक्कल आली. आपल्याकडे स्थळ सांगताना 'मुलगा स्मार्ट आहे' म्हणजे दिसायला बरा. आणि बाप 'लई स्मार्ट बनू नको' म्हणतो तेव्हा अर्थ सांगावा लागत नाही.

भानगड होते ती हा शब्द सरकारी फायलीत शिरल्यावर. २५ जून २०१५ ला १०० शहरांसाठी स्मार्ट सिटी मिशन सुरू झालं. केंद्राच्याच कागदात लिहिलं होतं, स्मार्ट सिटीची सर्वमान्य व्याख्या नाही. व्याख्याच नाही तर नापास कोण करणार? पहिल्या २० शहरांत आपलं सोलापूर होतं. ३१ मार्च २०२५ ला मिशनची मुदत संपली, तेव्हाही तिथे नळाला पाणी काही दिवसांआडच येत होतं. खेड्यांसाठी स्मार्ट ग्राम योजना होती, २०२० मध्ये तिचं आर. आर. (आबा) पाटील सुंदर गाव झालं. आमच्याकडच्या गटारांना ही दोन्ही विशेषणं अजून कळलेली नाहीत.

मीटरला माझा सरसकट विरोध नाही. रीडिंग लांबूनच जातं, अंदाजे बिलाची कटकट संपू शकते, दिवसा ९ ते ५ च्या वापराला सवलत आहे. मग हेच सांगा की दारात! काकूंची मोटर पहाटे, मिक्सर सकाळी आठला, टीव्ही-पंखा रात्री. त्यांना सवलत मिळणार किती? बिल वाढलं तर मीटर तपासून कोण देणार? जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही, असं सरकारनेच जाहीर केलं होतं. आता येतंय ते टीओडी, यात आधी पैसे भरायचे नाहीत, बिल महिन्यालाच. हा एवढा फरक सांगायला दोन मिनिटं लागतात. पण मीटर लावणाऱ्या पोरांनाच कुणी तो सांगितलेला नाही, आणि त्यांना रोजचा आकडा गाठायचा असतो. त्यांच्यावर राग काढून उपयोग नाही.

काकूंनी निरोप पाठवलाय, साहेबांना घेऊन या. उद्या अकराला येतो म्हणालेत. मीही जाणार आहे, वही घेऊन. तुमच्या दारात काय सांगितलं, तेही कळवा.