भिंतीबाहेरची भिंत

आमच्या सोसायटीच्या परवाच्या सर्वसाधारण सभेत, पार्किंगच्या ठरलेल्या भांडणाआधी, एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका हातोहात फिरली. इमारतीच्या पश्चिमेच्या भिंतीवर एसीपीचे चकचकीत तक्ते बसवावेत, असा एका कंत्राटदाराचा प्रस्ताव होता. इमारत नव्यासारखी दिसेल आणि भिंत कायमची कोरडी राहील, असे त्यात म्हटले होते. पहिल्या वचनाने तरुण मंडळी खूष झाली, दुसऱ्याने पश्चिमेकडची सगळी बिऱ्हाडे. त्यांचे काही चूक नाही. जुलै लागला की त्यांच्या भिंतींना पोपडे धरतात, कपाटातल्या ठेवणीतल्या साड्यांना कुबट वास येतो. वॉटरप्रूफिंग आजवर तीनदा झाले. हात भराभर वर गेले. मी मात्र खोडा घातला, आणि तेव्हापासून लिफ्टमध्ये माझ्याशी कोणी धड बोलत नाही.

कल्पनेला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. उलट, ती आपल्याकडची जुनीच आहे. कोकणात आजोळी मे महिना सरता सरता आजोबा पश्चिमेच्या बाजूला झडी बांधून घेत. बांबूच्या काठ्या, त्यांवर विणलेले झाप, आणि झड व मातीची भिंत यांच्यात हातभर मोकळी जागा. लहानपणी आमची लपाछपी तिथेच चाले. बाहेर आडवा पाऊस झोडपत असे. आतली भिंत हाताला कोरडी लागे. मुंबई-ठाण्यातल्या कित्येक जुन्या इमारतींच्या पश्चिमेला ठोकलेले पत्रे हा त्याच झडीचा शहरी अवतार. दिसायला वाईट, पण कामाला चोख.

यातले मर्म झापात नाही, मधल्या मोकळ्या जागेत आहे. भिंतीवर आपटणारे पाणी वाऱ्याच्या दाबाने केसाएवढ्या भेगेतूनही आत घुसते. आपण रंगाचे आणि रसायनांचे थर चढवत राहतो, ते उन्हाने तडकतात. बाहेर दुसरे पातळ आवरण उभारून मध्ये इंच-दोन इंच फट ठेवली, ती खाली आणि वर उघडी ठेवली, की बराचसा पाऊस बाहेरच अडतो. जो आत शिरतो तो आवरणाच्या पाठीवरून ओघळून खाली निघून जातो. फटीतला दाब बाहेरच्या दाबाच्या जवळपास राहत असल्याने पाण्याला आत ढकलणारा जोरही ओसरतो. ऊन पडले की फटीतली हवा तापून वर चढते, खालून ताजी हवा ओढली जाते आणि भिंत वाळते. उन्हाळ्यात बाहेरचे आवरण ऊन अंगावर घेते, तो फायदा वेगळाच. वास्तुविशारद याला व्हेंटिलेटेड फसाड म्हणतात. आजोबांना हा शब्द ऐकून गंमत वाटली असती.

पण हवा वर ओढणारी फट म्हणजे धुराडेही. चुलीवरच्या धुराड्याला दुसरे काय लागते?

लंडनच्या पश्चिम भागात ग्रेनफेल टॉवर नावाची २४ मजल्यांची काँक्रीटची इमारत होती. १९७४ च्या सुमाराची, सामान्य माणसांची. २०१६ मध्ये तिचे नूतनीकरण पुरे झाले. भिंतींवर उष्णतारोधक थर, मग फट, मग बाहेरून तक्ते. आधी जस्ताचे तक्ते लावायचे ठरले होते. खर्च वाचवण्यासाठी ॲल्युमिनियमचे आले. ॲल्युमिनियम म्हणजे काय, तर दोन पातळ पत्रे आणि त्यांच्या पोटात पॉलिथिलिन. आपली दुधाची पिशवी ज्याची असते, तेच. १४ जून २०१७ च्या रात्री एकच्या सुमारास चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात फ्रीज पेटला. अग्निशमन दल काही मिनिटांत पोचले. पण ज्वाळा खिडकीजवळून बाहेरच्या आवरणात शिरल्या होत्या, आणि सुमारे अर्ध्या तासात त्या छपराला भिडल्या. रहिवाशांना घरातच थांबायला सांगितले जात होते. काँक्रीटच्या इमारतीत आग एका घरापुरती राहते, या हिशेबाने तो सल्ला बरोबर होता. बाहेरून पेटणाऱ्या इमारतीचा हिशेब कोणी केलाच नव्हता. ७२ माणसे गेली. आगीच्या धोक्याबद्दल काही रहिवासी आधीपासून कानीकपाळी ओरडत होते, हे वाचताना मला आमची लिफ्ट आठवली.

२०२४ मध्ये चौकशीचा अंतिम अहवाल आला. हे सगळे मृत्यू टाळता येण्याजोगे होते आणि असा माल विकणाऱ्यांनी चाचण्यांबाबत दिशाभूल केली होती, असा त्याचा निष्कर्ष आहे. इंग्लंडमध्ये २०१८ च्या अखेरीस १८ मीटरहून उंच नव्या निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत ज्वालाग्राही माल वापरायला बंदी झाली.

आपल्याकडे हेच तक्ते बँकांवर, दुकानांवर, इस्पितळांवरसुद्धा सर्रास दिसतात. सगळेच सारखे नसतात. काहींच्या पोटात खनिजाची भर असते, ते सहजी पेट घेत नाहीत आणि महाग असतात. बाहेरून दोन्ही जुळ्या भावांसारखे. भाजक्या मातीच्या फरशा, दगड किंवा सिमेंटच्या चादरीही अशाच फट ठेवून बसवता येतात. त्या पेटत नाहीत. फटीत दर मजल्याला आडव्या पट्ट्या बसवायच्या असतात. एरवी हवा जाऊ देणाऱ्या आणि उष्णता लागताच फुगून फट बुजवणाऱ्या पट्ट्या मिळतात. ग्रेनफेलला असे अडसर होते ते धड नव्हते, खिडक्यांभोवती तर नव्हतेच.

एवढे करायचे नसेल तर माझे मत साध्या पत्र्याला आहे. कुरूप दिसेल म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी पश्चिमेच्या एखाद्या खोलीत जुलैतली एक रात्र काढावी.

सेक्रेटरींनी शेवटी माझ्या आग्रहाखातर कंत्राटदाराला फोन लावला, स्पीकरवर. तक्त्याच्या पोटात काय आहे आणि मजल्यामजल्याला फट कशाने अडवणार, हे लेखी द्या, असे मी म्हटले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "साहेब, रंग कुठला हवा ते सगळे विचारतात. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं." कागद अजून आलेला नाही.