आजीची नजर आणि नातीचे ॲप

दिवाळी नुकतीच सरली होती. आमच्या दवाखान्यात पंचवीस वर्षांपासून येणाऱ्या एक आजी त्या दिवशी स्वतःच्या रक्तदाबासाठी आल्या नव्हत्या. बरोबर नात होती. विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षाला असलेली, वसतिगृहात राहणारी, हुशार मुलगी. आजी खुर्चीवर बसता बसताच म्हणाल्या, "डॉक्टर, हिला जरा नीट बघा. लक्ष्मीपूजनाला माझ्या पाटल्या घातल्या, तर त्या कोपरापर्यंत सरकल्या. गेल्या वर्षी ह्याच पाटल्या साबण लावून चढवाव्या लागल्या होत्या."

नातीला हे बोलणे रुचले नाही. तिने मनगटावरचे घड्याळ दाखवले, मग मोबाइल पुढे केला. "डॉक्टर, मी ठणठणीत आहे. हे पाहा." रोजची चौदा हजार पावले, आहार बाराशे कॅलरींच्या आत, झोपेला शंभरपैकी ब्याऐंशी गुण, विश्रांतीच्या वेळी नाडीचे ठोके मिनिटाला अट्ठेचाळीस आणि त्यापुढे 'उत्तम तंदुरुस्ती' असा शेरा. सारा पडदा हिरवागार होता.

मी तिचे वजन केले. उंची १६३ सेंटिमीटर, वजन ४७ किलो. आठ महिन्यांपूर्वी ते ५८ होते, म्हणजे तिच्या उंचीला अगदी योग्य. कमी करण्याची काहीच गरज नव्हती. हात गार, रक्तदाब कमी. पाळीची चौकशी केली तेव्हा तिने आणखी एक ॲप उघडले. त्यावर लिहिले होते, 'उशीर : ९७ दिवस'. "अभ्यासाचा ताण असेल," ती म्हणाली. आजी तिच्याकडे पाहतच राहिल्या. ही गोष्ट घरात कोणालाच ठाऊक नव्हती. ॲपला ठाऊक होती, पण ते रोज आकडा एकाने वाढवण्यापलीकडे काही करत नव्हते.

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. हा प्रसंग लिहिण्यास दोघींचीही संमती आहे.)

पाळी लांबण्याची इतर कारणे आम्ही तपासण्या करून दूर केली. जे उरले ते साधे आणि गंभीर होते. शरीराला गरजेपेक्षा फार कमी अन्न मिळत होते आणि त्याच्याकडून काम मात्र भरपूर घेतले जात होते. अशा वेळी शरीर काटकसर सुरू करते. मेंदूकडून अंडाशयाला जाणारे संदेश मंदावतात, पाळी थांबते, इस्ट्रोजेन घटते. नाडी मंदावते, हातपाय गार पडतात. उपासमारीत मंदावलेली नाडी आणि धावपटूची मंद नाडी आकड्यात सारखीच दिसते. घड्याळाने आकडा वाचला आणि शाबासकी दिली. त्या आकड्यामागचे शरीर त्याला दिसणे शक्यच नव्हते.

आजींना मी वेगळ्या शब्दांत सांगितले. हाडांची पुंजी माणूस साधारण तिशीपर्यंत साठवतो आणि पुढे जन्मभर तीच खर्च करतो. पुंजी साठवण्याच्या वयात इस्ट्रोजेन घटले, तर हाडांचे खाते रिकामे राहते. स्वतःच्या ठिसूळ मणक्यासाठी गोळ्या घेणाऱ्या त्या आजींना याहून अधिक सांगावे लागले नाही.

वाचकहो, हे वाचून मोबाइलच्या नावाने बोटे मोडण्याचा मोह होईल. तो आवरावा. घरापासून दूर राहणाऱ्या विद्यार्थ्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. वसतिगृहात 'आज जेवलीस का' असे विचारणारे कोणी नसते. डॉक्टरांकडे जायचे तर वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. पाळी, वजन, झोप, मनाची घालमेल या विषयांवर मोठ्यांशी बोलायचा संकोच वाटतो. अशा वेळी खिशातला मोबाइल न रागावता, न हसता, फुकट आणि मध्यरात्रीसुद्धा ऐकून घेतो. पाणी प्यायची आठवण देतो, चालायला लावतो, पाळीची तारीख लक्षात ठेवतो. पुष्कळ मुलांना त्याचा खरोखर उपयोग होतो. दोष मोजण्यात नाही. मोजलेल्या आकड्यालाच आरोग्य समजण्यात आहे.

म्हणून हे आकडे कसे तयार होतात, ते थोडे जाणून घेऊ.

आधी कॅलरी घेऊ. घड्याळ शरीरातून खर्च झालेली ऊर्जा प्रत्यक्ष मोजत नाही. हालचाल, नाडी, वय, वजन यांवरून ते अंदाज बांधते. २०१७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी मनगटावरची सात उपकरणे साठ स्वयंसेवकांवर तपासली. नाडीचे ठोके बहुतेक उपकरणांनी बऱ्यापैकी अचूक सांगितले, पण खर्च झालेल्या ऊर्जेत सर्वांत अचूक ठरलेल्या उपकरणाचीही चूक सुमारे २७ टक्के निघाली. सर्वांत चुकलेल्या उपकरणाची ९३ टक्के. दुसऱ्या बाजूला, ताटातल्या आमटीत तेल किती पडले हे कोणत्याच ॲपला कळत नाही. म्हणजे जमा आणि खर्च दोन्ही अंदाजाचे, आणि त्यांच्या वजाबाकीवर एका मुलीने आपले जेवण बेतलेले!

आता दहा हजार पावले. हा आकडा वैद्यकशास्त्रातून आला, असा अनेकांचा समज आहे. त्याचा उगम मात्र जपानमध्ये १९६५ साली विक्रीला आलेल्या एका पावले मोजणाऱ्या यंत्रात सापडतो. त्याचे नाव होते 'मान्पो-केई', म्हणजेच 'दहा हजार पावलांचे मापक'. नाव आकर्षक होते, आकडा लक्षात राहणारा होता, आणि तोच जगभर रूढ झाला. २०१९ साली अमेरिकेत सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा सुमारे ४४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले आणि साधारण ७५०० पावलांनंतर त्यात आणखी फरक दिसला नाही. तेव्हा नातवाने भेट दिलेल्या घड्याळात दहा हजारांचा आकडा गाठता येत नाही म्हणून खंतावणाऱ्या आजोबांनी निश्चिंत असावे. काल दोन हजार चाललात, तर आज अडीच हजार चाला. एवढे पुरे.

तिसरी गोष्ट अधिक सावध करणारी आहे. मोबाइल छातीशी धरून आणि बोट कॅमेऱ्यावर ठेवून रक्तदाब मोजून देतो, असे सांगणारे एक ॲप काही वर्षांपूर्वी लाखाच्या वर लोकांनी विकत घेतले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत असे दिसले, की ज्यांचा रक्तदाब खरोखर वाढलेला होता, त्यांच्यापैकी तीनचतुर्थांशांहून अधिक लोकांना ते ॲप 'ठीक आहे' असेच सांगत होते. खोटी भीती घालणाऱ्या यंत्रापेक्षा खोटा दिलासा देणारे यंत्र जास्त घातक असते, कारण भ्यालेला माणूस निदान डॉक्टरांकडे तरी जातो. रक्तदाब दंडावर पट्टा बांधणाऱ्या यंत्रानेच मोजावा. नात कितीही प्रेमाने म्हणाली, तरी केवळ मोबाइलच्या कॅमेऱ्यावर विसंबून गोळी कमी-जास्त करू नये.

माहितीच्या गोपनीयतेचाही प्रश्न आहे. पाळीच्या नोंदी ठेवणाऱ्या एका लोकप्रिय ॲपवर, वापरणाऱ्या स्त्रियांची खासगी माहिती इतर कंपन्यांना पुरवल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला होता. २०२१ मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटले. आपल्याकडेही २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आहे. पण कायदा असला तरी 'मान्य आहे' हे बटण आपणच दाबतो. जी गोष्ट शेजारणीला सांगणार नाही, ती अनोळखी ॲपला सांगण्यापूर्वी क्षणभर थांबावे, हे मुलांना जरूर सांगावे.

मग घरातल्या वडीलधाऱ्यांनी काय करावे?

सर्वप्रथम, मोबाइल हिसकावून घेऊ नये आणि 'आमच्या वेळी असले काही नव्हते' हे वाक्य शक्यतो गिळावे. त्या वाक्याने संवाद तिथेच संपतो. त्याऐवजी शेजारी बसून विचारावे, "तुझे ते ॲप काय सांगते, मला दाखव बरं." मुले उत्साहाने दाखवतात, आणि दाखवता दाखवता बरेच काही सांगून जातात.

दुसरे, आकड्यांऐवजी माणसाकडे पाहावे. सुटीत घरी आलेले मूल सर्वांबरोबर जेवायला टाळते का? प्रत्येक घास मोबाइलमध्ये नोंदवल्याशिवाय खात नाही का? एक दिवस चालणे चुकले तर बेचैन होते का? सैल कपडे, सतत थंडी वाजणे, कंगव्यात वाढलेले केस, चक्कर, चिडचिड यांकडे लक्ष द्यावे. नेहमी नियमित येणारी पाळी सलग तीन महिने आली नाही, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. मुलगेही यातून सुटलेले नाहीत. पिळदार शरीराच्या हट्टापायी जेवण तोडणारे तरुण मी पाहिले आहेत.

तिसरे, वजनावर शेरे मारू नयेत. 'बारीक झालीस, छान दिसतेस' हे कौतुकसुद्धा अशा मुलीला आणखी एक घास कमी करायला लावते. आमच्या या नातीला सुरुवातीचे हुरूप देणारे शब्द एका लग्नात नातेवाइकांकडूनच मिळाले होते.

चौथे, अन्नाची भीती हा मनाचाही आजार असू शकतो, हे मान्य करावे. अशा वेळी आहारतज्ज्ञाबरोबर मानसोपचारतज्ज्ञाचीही मदत लागते, आणि तीत कमीपणा नाही. केंद्र सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे. तो मुलांच्या मोबाइलमध्ये जसा असावा, तसा दिवसरात्र आजारी माणसाची सेवा करून थकलेल्या आपल्यासारख्यांच्याही मोबाइलमध्ये असावा.

पुन्हा त्या दोघींकडे वळू. पहिल्या भेटीत नात माझ्यावर रुसूनच गेली. दुसऱ्या भेटीला आजी एकट्या आल्या. काय करू, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, तिला खाण्याचा आग्रह करू नका. तिच्याबरोबर जेवा. आजी सत्तराव्या वर्षी व्हिडिओ कॉल करायला शिकल्या. रोज रात्री साडेआठला नात वसतिगृहातल्या खाणावळीत आणि आजी स्वयंपाकघरात, दोघी समोरासमोर जेवू लागल्या. ताटाविषयी बोलायचे नाही, एवढाच नियम. तिसऱ्या आठवड्यात नात स्वतः आली. कॅलरी मोजणारे ॲप तिने काढून टाकले होते. ते सोपे नव्हते. पहिले चार दिवस हात सारखा मोबाइलकडे जायचा, असे ती म्हणाली. आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक यांची मदत अजून चालू आहे.

माघ महिन्यात पाळी आली. वजन आता ५१ किलो आहे. हाडांची तपासणी व्हायची आहे, आणि मधल्या महिन्यांची झीज पूर्ण भरून निघेलच, असे वचन मी तिला दिलेले नाही. जेवढे हाती आहे तेवढे आम्ही करत आहोत.

एक ॲप मात्र नातीने ठेवले आहे, तेही आजींच्या मोबाइलमध्ये. सकाळी सात वाजता ते वाजते आणि रक्तदाबाच्या गोळीची आठवण देते. आजींची गोळी आता चुकत नाही. यंत्राने आठवण द्यावी आणि माणसाने माणसाकडे लक्ष द्यावे, अशी कामाची वाटणी त्या घरात झाली आहे.

पाडव्याला नातीने पुन्हा आजींच्या पाटल्या घातल्या. त्या अजून सैल आहेत, पण कोपरापर्यंत सरकत नाहीत.