पोटगीचा हुकूम आहे, पोटगी नाही : घटस्फोटित व परित्यक्ता महिलांचे मागणीपत्र

प्रति,
मा. विधी व न्याय मंत्री, मा. महिला व बालविकास मंत्री, मा. महसूल मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय : पोटगीची वसुली आणि घटस्फोटानंतरचे आर्थिक हक्क

महोदय,

आम्ही घटस्फोटित आणि परित्यक्ता महिलांच्या संघटनेच्या सभासद. कुणाचा घटस्फोट कौटुंबिक न्यायालयात रीतसर झाला, कुणाला स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी लिहून माहेरी धाडले, कुणाचा दावा अजून चालू आहे. आमच्यातल्या बहुतेकींची अडचण मात्र एकच आहे : पोटगीचा हुकूम हातात आहे, पोटगी हातात नाही.

१९८८ साली संगमनेरला परित्यक्ता परिषद भरली आणि टाकलेल्या बायकांचा प्रश्न राज्यापुढे उघडपणे मांडला गेला. त्या काळात आईच्या कडेवर असलेल्या मुली आज आमच्या सभासद आहेत. यापुढे थांबण्याची आमची तयारी नाही.

कायदा नाही, अशी आमची तक्रार नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेचे जुने कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ म्हणून आले आहे. घटस्फोटित स्त्रीला पुनर्विवाह होईपर्यंत त्याखाली पोटगी मागता येते. मुस्लीम घटस्फोटितेलाही हा मार्ग खुला असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ रोजी पुन्हा स्पष्ट केले. नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालाने, आणि ते प्रकरण आपल्याच राज्यातले, दोन्ही पक्षांनी उत्पन्न व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, असे ठरवून दिले. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे कायदाच म्हणतो. हुकूम निघाल्यावर पैसे पोहोचेपर्यंत मध्ये जे घडते, त्याची जबाबदारी मात्र कुणाचीच नाही. ती शासनाने घ्यावी, हा या मागणीपत्राचा गाभा आहे.

आजची रीत अशी. पोटगी थकली की बाईनेच दरखास्त दाखल करायची, वॉरंट काढून घ्यायचे, नवऱ्याचा ठावठिकाणा तिनेच सांगायचा. आमच्या एका सभासदाचा हुकूम दरमहा ४,००० रुपयांचा आहे. साडीच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीत ती सगळे कागद ठेवते. त्यात परत आलेली तीन वॉरंटे आहेत आणि तिन्हींवर एकच शेरा : ‘सदर इसम मिळून आला नाही.’ तिसऱ्या शेऱ्याची तारीख बाजाराच्या दिवसाची आहे. त्या दिवशी तिने त्याला बाजारात कांद्याच्या गोण्या टेम्पोत चढवताना पाहिले होते. त्याच पिशवीत एसटीची तिकिटेही आहेत. बायकांना तिकीट अर्धे झाले, पण प्रत्येक तारखेला बुडालेली मजुरी पुरी बुडते.

आमची मागणी : प्रत्येक कौटुंबिक न्यायालयात आणि तालुका न्यायालयात पोटगी वसुली कक्ष असावा. पोटगी बँक खात्यातूनच जमा व्हावी, म्हणजे कुणी किती दिले याचा वाद उरणार नाही. एक हप्ता चुकला की कक्षाने स्वतःहून कारवाई सुरू करावी, बाईच्या अर्जाची वाट पाहू नये. वॉरंट ३० दिवसांत बजावले जावे. बजावता आले नाही, तर पोलीस अधिकाऱ्याने सहीनिशी कारण द्यावे. ‘मिळून आला नाही’ हा शेरा पंचनाम्याशिवाय स्वीकारू नये. आणि एका गैरसमजाबद्दल शासनाने पोलीस ठाण्यांना व नागरिकांना लेखी सूचना द्यावी : महिनाभर कैद भोगली म्हणून थकबाकी फिटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे केव्हाच सांगितले आहे. तरी ‘आत जाऊन येतो, पण पैसे देणार नाही’ असे आम्हाला तोंडावर ऐकवले जाते.

थकलेल्या रकमेसाठी वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर वॉरंट मिळत नाही. आजारपणात, बाळंतपणात, वकिलाच्या फीअभावी वर्ष सहज निघून जाते. ही मुदत तीन वर्षांची करावी. हा केंद्राचा कायदा आहे, असे उत्तर आम्हाला नको. पोटगीवर दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, तेव्हा १९९९ मध्ये याच राज्याच्या विधिमंडळाने दुरुस्ती करून ती १,५०० केली. केंद्राने मर्यादा काढली ती त्यानंतर, २००१ मध्ये. तेव्हा जे जमले, ते आजही जमेल.

पगारदारांच्या बाबतीत तर अडचणच नसावी. पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी पगाराचा दोन तृतीयांश भाग जप्त करता येतो, ही दिवाणी प्रक्रिया संहितेतली तरतूद आहे. पतसंस्थेचा हप्ता दर महिन्याला पगारातून कापला जातो. शासकीय कर्मचारी, जिल्हा परिषद शिक्षक, महापालिका आणि एसटी महामंडळ यांच्या बाबतीत आहरण व संवितरण अधिकाऱ्याने न्यायालयाचा आदेश पोहोचताच पोटगी थेट कापून स्त्रीच्या खात्यात वळती करावी. त्यासाठी एक शासन निर्णय पुरेल.

शेतकरी कुटुंबांत वेगळे घडते. नोटीस पोहोचली की महिनाभरात जमीन भावाच्या नावे बक्षीसपत्राने जाते, आणि न्यायालयात प्रतिज्ञापत्र येते की अर्जदाराच्या पतीकडे काही नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली पोटगीचा बोजा स्थावर मालमत्तेवर ठेवता येतो. सोसायटीचे कर्ज सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात चढते, तसा हा बोजाही चढावा. महसूल विभागाने परिपत्रक काढून, न्यायालयाने बोजा ठेवल्याचा आदेश मिळाल्यापासून १५ दिवसांत ही नोंद घेणे ग्राम महसूल अधिकाऱ्यावर बंधनकारक करावे.

वसुली होईपर्यंत घर चालले पाहिजे. थकबाकी तीन महिन्यांवर गेली की शासनाने हुकमाइतकी, पण दरमहा जास्तीत जास्त ३,००० रुपये, अशी रक्कम आगाऊ द्यावी आणि ती पतीकडून जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल करावी. हे अनुदान नाही, ही उचल आहे. ती पतीकडून परत येणारी आहे.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत घटस्फोटित स्त्रीला स्थान आहे, पण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट २१,००० रुपयांची आहे, म्हणजे महिना १,७५०. लाडकी बहीण योजनेत हीच मर्यादा अडीच लाख आहे. एकाच स्त्रीला मोजायला शासनाची ही दोन मापे आम्हाला मान्य नाहीत. मर्यादा समान करावी. तसेच हुकमात लिहिलेली पोटगी उत्पन्न म्हणून धरू नये; प्रत्यक्ष खात्यात आलेली तेवढीच धरावी. कागदावरच्या पोटगीमुळे अर्ज फेटाळला गेलेल्या स्त्रिया आमच्यात आहेत. स्वतंत्र शिधापत्रिकेसाठी नवऱ्याच्या संमतीचा आग्रह कोणत्याही तहसील कार्यालयाने धरू नये.

हुकमातली रक्कम वर्षानुवर्षे तशीच राहते. वाढवून घ्यायची तर पुन्हा अर्ज, पुन्हा वकील. सरकारी कर्मचाऱ्याचा महागाई भत्ता निर्देशांकाप्रमाणे वाढतो. पोटगीलाही तोच निर्देशांक लावून दरवर्षी आपोआप वाढ मिळावी.

पोटगीच्या पलीकडचा प्रश्न मालमत्तेचा आहे. वीस वर्षे एका घरात राबलेली स्त्री घटस्फोटानंतर त्या घराच्या एका विटेचीही मालक नसते. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि घटस्फोटात निम्मा वाटा मिळतो. पत्नीला वाटा देऊ करणारे विवाह कायदे सुधारणा विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झाले आणि लोकसभेची मुदत संपल्यावर व्यपगत झाले. बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची लक्ष्मीमुक्तीची हाक महाराष्ट्रातच दिली गेली. संसारात मिळवलेल्या घर-जमिनीत घटस्फोटित पत्नीला निम्मा वाटा देणारा कायदा राज्याने आणावा. मसुद्यासाठी एक वर्षाची मुदत आम्ही रास्त समजतो.

आमच्या बाजूची बंधनेही आम्ही मानतो. पुनर्विवाहानंतर पोटगी थांबावी. दोन कायद्यांखाली मिळालेल्या रकमा एकमेकींत वजा व्हाव्यात. नोकरी गेलेल्या किंवा आजारी पतीने नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ खाली रक्कम कमी करून मागितली, तर तो अर्ज तितक्याच लवकर ऐकला जावा. हिंदू विवाह कायदा कमाई नसलेल्या पतीलाही पोटगी मागू देतो. त्याला आमचा विरोध नाही. मालमत्तेचे खोटे प्रतिज्ञापत्र देणाऱ्यावर कारवाई व्हावी, मग तो पती असो वा पत्नी.

पगारकपात, सातबाऱ्यावरील नोंद, उत्पन्नमर्यादा आणि शिधापत्रिका या चार बाबींना नवा कायदा लागत नाही. त्यांवरील आदेश आधी निघावेत. या मागणीपत्राचे मुद्देनिहाय लेखी उत्तर आम्हाला ६० दिवसांत मिळावे. अंतरिम पोटगीच्या अर्जाला कायद्याने दिलेली मुदतही तेवढीच आहे.

आपल्या,
संघटनेच्या सभासद महिला