रमजानचं किट आणि रेशनचं कार्ड

दरवर्षी रमजानच्या आधी आपल्या मोहल्ल्यांतून किट वाटली जातात. पीठ, तांदूळ, डाळ, तेल, साखर, खजूर. फोटो निघतात, बॅनर लागतात, घेणाऱ्या बाईची मान खाली असते. देणाऱ्यांच्या नियतीवर मला शंका नाही. पण एक साधा हिशोब मांडा. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा 2013 नुसार प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला 5 किलो धान्य मिळतं; जानेवारी 2023 पासून तेही मोफत. पाच जणांचं घर असेल तर महिन्याला 25 किलो, वर्षाला 300 किलो. कोणत्या अंजुमनचं किट एवढं देतं?

तरीही कार्ड काढून देण्याच्या कामाला आपल्याकडे प्रतिष्ठा नाही. त्याचा फोटो चांगला येत नाही ना!

वस्तीत जाऊन विचारा. बहुतेकांकडे कार्ड असतं, पण ते "ऑनलाइन नाही". आधारवर "शेख", कार्डावर "शैख". एका कागदावर मोहम्मद, दुसऱ्यावर मुहम्मद, तिसऱ्यावर नुसतं "मो." लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झालं, सासरच्या कार्डात चढलंच नाही, मग तिची मुलंही बाहेर. वयस्कर मजुराच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या, मशीन अंगठा घेत नाही. हे सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे, पण त्यासाठी पुरवठा शाखेत तीन-चार खेपा घालाव्या लागतात आणि प्रत्येक खेपेला एक रोजी बुडते. रोजंदारीच्या माणसाने 5 किलोसाठी किती रोज बुडवायचे?

आणि कागद बरोबर असले, तरी खिडकीतून उत्तर येतं, "इष्टांक संपला." म्हणजे काय, ते कोणी समजावत नाही. महाराष्ट्रात सुमारे 7 कोटी लोकांनाच या कायद्याचा लाभ द्यायचा, ही मर्यादा 2011 च्या जनगणनेवर बेतलेली आहे. 2021 ची जनगणना वेळेवर झालीच नाही. त्यानंतर जन्मलेली मुलं पोटं घेऊन आली, पण आकड्यात आली नाहीत. शहरातली उत्पन्नाची अट तर चेष्टाच आहे: वर्षाला 59 हजार. दिवसाला 162 रुपयांपेक्षाही कमी. एवढ्यात शहरात कुटुंब जगत नाही, हे दाखला मागणाऱ्यालाही माहीत असतं. कायदाच गरिबाला खोटं बोलायला लावतो आणि मग आपण त्याला "बोगस लाभार्थी" म्हणतो.

"करदात्यांच्या पैशावर फुकट खातात" म्हणणाऱ्यांना (यात आपलेही पांढरपेशे आले) एवढंच सांगतो: साबण, चप्पल, मोबाइल रिचार्ज, सगळ्यावरचा कर हाच माणूस भरतो. हजरत उमर यांनी उपाशी मुलांसाठी पिठाचं पोतं पाठीवर वाहून नेल्याची रिवायत आपण भाषणात ऐकवतो. ते पीठ सरकारी कोठारातलं होतं, हे मात्र सांगायला विसरतो. ती खैरात नव्हती, हक्क होता.

भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर उत्तर प्रदेश-बिहारचे कितीतरी कारागीर आहेत. गावच्या कार्डावर आपल्या वाट्याचं धान्य इथे उचलता येतं आणि उरलेलं घरच्यांना गावी मिळतं, ही सोय आहे. जुम्याच्या दिवशी मशिदीतून ही एक गोष्ट जाहीर करायला किती वेळ लागेल? दोन मिनिटं.

कमिट्यांना माझी मागणी आहे. यंदा किटच्या पैशातले थोडे बाजूला काढा. अर्ज भरता येणारी दोन मुलं-मुली पगारावर बसवा, नुसत्या सवाबवर नाही. पुरवठा शाखेत तेच खेपा घालतील. नाकारलेल्या प्रत्येक अर्जाचं कारण लेखी मागा आणि जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे द्या. कायद्यात ही तरतूद आहे. याच कायद्यात कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सर्वांत मोठ्या सज्ञान बाईचं नाव लिहायचं असतं. तेव्हा अर्ज भरताना अब्बांना नाही, अम्मीला समोर बसवा.