तेल की पाणी?

झाशी म्हटले की मराठी माणसाला राणी लक्ष्मीबाई आठवते. त्याच झाशीहून ललितपूरकडे जाताना बबीना लागते. लष्करी छावणी, खडकाळ माळ आणि उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून बसणारी गावे, असा हा बुंदेलखंडाचा मुलूख. कामानिमित्त तेथे गेलो असता सांडपाण्याच्या एका हिरव्यागार डबक्यापाशी थांबलो. सोबतचा तरुण अभियंता उत्साहाने म्हणाला, "सर, या शेवाळापासून डिझेल निघते. पाणी फुकट, ऊन फुकट!"

'फुकट' हा शब्द ऐकला की मी सावध होतो. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने जट्रोफाच्या आधारे २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळण्याचे लक्ष्य सुचवले होते. त्या काळात मीही एका टिपणीत 'पडीक जमीन विनामूल्य उपलब्ध आहे' असे लिहिले होते. त्या जमिनीवर कोणाची तरी गुरे चरत होती, हे मी लिहिले नाही. लक्ष्य तर हुकलेच.

म्हणून या वेळी आधी हिशेब मांडला. दहा हजार वस्तीचे गाव रोज सुमारे दहा लाख लिटर सांडपाणी सोडते. त्यात लिटरमागे साधारण ४० मिलिग्रॅम नत्र असते. शेवाळाच्या कोरड्या वजनात नत्र सुमारे ८ टक्के. म्हणजे लिटरमागे अर्धा ग्रॅम आणि दिवसाला ५०० किलो शेवाळ. त्यात २० टक्के तेल धरले, तर हाती येते शंभर किलो. माणशी दिवसाला दोन चमचे! तेही काही वाया गेले नाही तर. लिटरभर पाण्यातून तो अर्धा ग्रॅम वेगळा काढण्याचा आणि वाळवण्याचा खर्च निराळाच.

आणखी एक पेच आहे. शेवाळात तेल साठते ते मुख्यतः नत्राची उपासमार झाल्यावर. सांडपाणी तर नत्राने भरलेले. जे शेवाळ पाणी उत्तम शुद्ध करते, ते तेल बेताचेच देते. अमेरिकेने १९७८ ते १९९६ या काळात शेवाळाच्या तेलावर संशोधन केले आणि ते खनिज तेलापेक्षा फार महाग पडते, या निष्कर्षावर काम थांबवले. एक्झॉनमोबिलनेही २००९ साली हाती घेतलेला असा प्रयत्न २०२३ पर्यंत सोडून दिला.

मग हे सारे व्यर्थ आहे काय? माझ्या मते नाही. चूक शेवाळाची नाही, आपल्या लेखाशीर्षाची आहे. बबीनासारख्या ठिकाणी मौल्यवान वस्तू तेल नसून पाणी आहे. शेवाळ सूर्यप्रकाशात प्राणवायू सोडते, त्यावर जिवाणू घाण कुजवतात आणि हवा भरणाऱ्या यंत्रांची वीज वाचते. प्रकल्पाचे यश शुद्ध झालेल्या पाण्याच्या लिटरांत मोजावे. खत, वायू वा तेल मिळाले तर ते जोडउत्पन्न समजावे. शुद्ध केलेल्या सांडपाण्याला गिऱ्हाईक मिळते, हे नागपूरने दाखवले आहे. तेथील महानगरपालिकेचे असे पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जाते.

अर्थात याचीही किंमत आहे. वरील गावासाठी सुमारे सहा एकर उथळ तळी लागतील आणि मे महिन्याच्या उन्हात रोजच्या पाण्याचा पाचवा हिस्सा तरी वाफ होऊन जाईल. शिवाय नाल्याच्या खालच्या अंगाला त्याच घाण पाण्यावर भाजी पिकवणारा शेतकरी असतो. त्याला शुद्ध पाणी मिळणार की काहीच नाही, हे प्रस्तावातच लिहिले गेले पाहिजे.

त्या अभियंत्याला मी एवढेच सांगितले, की प्रस्ताव जरूर पाठवा. मात्र पहिल्या पानावर डिझेल नको, पाणी लिहा. आणि 'फुकट' हा शब्द कोठेही येऊ देऊ नका. मी एकदा तो लिहिला आहे.