फोन बंद पडला म्हणून माणूस बंद पडू नये

जून महिना आला की उपनगरातल्या शिक्षकाला दोन गोष्टी हमखास दिसतात. एक पाऊस आणि दुसरी अकरावीच्या प्रवेशाची धावपळ. या दोन्हींच्या मध्ये सापडतो घरातला एकुलता एक फोन. पाऊस तो भिजवतो आणि प्रवेशाच्या अर्जाला तोच हवा असतो. अंधेरी, जोगेश्वरी, कुर्ला, घाटकोपर या पट्ट्यातल्या आपल्या वस्त्यांमध्ये अशी कितीतरी घरं आहेत, जिथे पाच-सहा माणसांत एकच बरा फोन असतो. अब्बांचा धंदा त्यावर, अम्मीचं बँक खातं त्याला जोडलेलं, मुलांचा अभ्यास त्यावर आणि रेशनकार्डाच्या ई-केवायसीपासून स्कॉलरशिपपर्यंतचे सगळे ओटीपीही त्यावरच.

असा फोन एके सकाळी सुरूच झाला नाही तर घर थांबतं. म्हणून हा विषय मला तांत्रिक वाटत नाही. बंद फोनाचं काय करायचं हे ज्ञान आता घरोघरी हवं, आणि फोन दुरुस्त करून मिळणं हा आपला हक्क मानला गेला पाहिजे, असं माझं मत आहे.

एक उदाहरण देतो. दोन वर्षांपूर्वी दहावी झालेल्या एका मुलीचे वडील मला भेटायला आले. रिक्षा चालवतात. फोन रात्री बंद पडला होता. कॉलेजांचा पसंतीक्रम भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत होती. मुलीला पासवर्ड आठवत नव्हता आणि नवा पासवर्ड करायला ओटीपी लागणार होता. वडिलांनी घाईघाईत त्याच नंबरचं नवीन सिम काढलं आणि दुसऱ्याच्या फोनात घातलं. पण सिम बदललं की फसवणूक टाळण्यासाठी पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात. ओटीपी आला नाही, मुदत गेली, ती फेरी हुकली. पुढच्या फेरीत मिळालेलं कॉलेज दोन ट्रेन बदलून जावं लागेल इतकं लांब होतं. मुलीला एवढ्या लांब पाठवायचं का, यावर त्या घरात आठवडाभर चर्चा चालली. शेवटी ती गेली, हे तिचं आणि तिच्या आईचं धैर्य. फोनात काय बिघडलं होतं? चार्जिंगच्या भोकात खिशातली लोकर आणि धूळ दाबून बसली होती. कारागिराने ती दोन मिनिटांत काढली.

जुनं सिम त्या बंद फोनातच होतं, अगदी ठणठणीत. ते काढून शेजाऱ्याच्या फोनात घातलं असतं तर ओटीपी त्याच क्षणी आला असता. म्हणून माझा पहिला आग्रह असा, की फोन बंद पडला तर आधी सिम वाचवा, फोन नंतर. सिमचा ट्रे उघडायची पिन घरात ठराविक जागी ठेवा. पिन नसेल तर कागदाला लावायची छोटी क्लिप सरळ करूनही काम होतं. ई-सिम वापरणाऱ्यांना ही सोय नाही, हे एका फोनाच्या घराने ई-सिम घेण्याआधी लक्षात घ्यावं.

आता फोनाकडे येऊ. "मेला" म्हणून टाकलेल्या फोनांपैकी पुष्कळ मेलेले नसतात. आधी फोन बंद आहे की फक्त पडदा बंद आहे, ते पाहा. दुसऱ्या नंबरवरून रिंग द्या. रिंग वाजली, फोन थरथरला, तर आतलं सगळं शाबूत आहे आणि बिघाड डिस्प्लेत आहे. दुकानात याला "फोल्डर गेला" म्हणतात. लोकलच्या गर्दीत मागच्या खिशात दबलेल्या फोनांचं बहुधा हेच होतं.

रिंगही नाही, तर चार्जर बदला. केबल आधी, मग अ‍ॅडाप्टर, मग भिंतीचा पॉइंट. पोर्टात बॅटरीचा उजेड टाकून पाहा, घाण दिसली तर कोरड्या लाकडी काडीने हलक्या हाताने काढा. सुई किंवा टाचणी घालू नका. त्यानंतर फोन अर्धा तास चार्जिंगला ठेवा आणि मधे मधे बटण दाबत बसू नका. लिथियमची बॅटरी फार खाली उतरली की पडद्यावर लगेच काहीच दिसत नाही. मे महिन्यात कोकणात गावी जाताना कपाटात ठेवलेला जुना फोन जूनमध्ये "मेलेला" मिळतो, तो बहुतेक याच कारणाने.

तरीही काही दिसत नसेल तर जबरदस्तीने रीस्टार्ट करा. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत पॉवर आणि आवाज कमी करण्याचं बटण एकत्र दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं. आयफोन ८ आणि त्यानंतरच्या फोनांत आवाज वाढवायचं बटण दाबून सोडायचं, कमी करायचं दाबून सोडायचं, मग बाजूचं बटण सफरचंद दिसेपर्यंत धरून ठेवायचं. यात फोटो किंवा नंबर जात नाहीत. फोन कंपनीच्या नावावर येऊन अडकत असेल आणि कोणी "फॅक्टरी रीसेट मारून देतो" म्हणालं, तर मात्र थांबा. त्यात फोनातलं सगळं पुसलं जातं. आत काय आहे, त्याची दुसरी प्रत कुठे आहे का, हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

भिजलेल्या फोनाचे नियम वेगळे आहेत. आधी चार्जरला लावायचं नाही, कारण पाण्यापेक्षा जास्त नुकसान ओल्या बोर्डात सोडलेल्या विजेने होतं. चालू असेल तर बंद करा, सिम आणि कव्हर काढा, पुसा, पोर्ट खाली करून हवेशीर जागी ठेवा. तांदळाच्या डब्यात पुरायची आपल्याकडची रीत सोडून द्या. तांदळाचे बारीक कण आत जाऊन बिघाड वाढवू शकतात, म्हणून खुद्द अ‍ॅपलही तसं करू नका असं सांगते. हेअर ड्रायरचा गरम झोतही नको. आणि बॅटरी फुगून मागचं झाकण उचललेलं दिसलं, तर घरगुती उपाय तिथेच थांबवा. दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका, ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नका. ती आग आहे.

एवढं करूनही फोन उठला नाही तर कारागिराकडे जायचं. अंधेरी किंवा घाटकोपर स्टेशनबाहेरच्या गल्लीत चार फुटांच्या काउंटरमागे बसलेला मुलगा काय करतो, ते कधी नीट पाहिलंय? तो बॅटरी काढून बोर्ड डीसी मशीनला जोडतो आणि काटा पाहतो. बटण दाबण्याआधीच करंट खेचला जात असेल तर बोर्डावर कुठेतरी शॉर्ट आहे. बटण दाबूनही काटा हलत नसेल तर बटणाची पट्टी किंवा पॉवरची लाइन तुटलेली असू शकते. करंट चढून एका जागी अडकत असेल तर मेमरी किंवा सॉफ्टवेअरकडे संशय जातो. एका काट्याच्या हालचालीवरून बंद पेटीच्या आतलं ओळखणं हे निदान आहे, डॉक्टर नाडीवरून करतात तसलं. हे काम करणाऱ्यांत आपल्या समाजाची मुलं खूप आहेत. त्यातली कितीतरी आठवी-नववीत शाळेतून गळलेली. वर्गात त्यांना ओहमचा नियम समजला नाही असं आपण लिहून ठेवलं, आणि दुकानात ती रोज तोच नियम हाताने सिद्ध करतात.

इथे माझं गाऱ्हाणं आपल्या शिक्षणव्यवस्थेशी आहे, ज्यात मीही काम करतो. या मुलांचं ज्ञान उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडी जातं. त्याचं पुस्तक नाही, प्रमाणपत्र नाही, मराठीत किंवा उर्दूत साधी पुस्तिकाही हाताशी येत नाही. दहावीच्या विज्ञानाच्या तासाला एक बंद फोन उघडून दाखवायला काय हरकत आहे? स्टेशनबाहेरच्या कारागिराला एक दिवस वर्गात पाहुणा म्हणून बोलवायला काय हरकत आहे? आपल्या दीनमध्ये तर हाताने दुरुस्ती करणं कधीच हलकं मानलेलं नाही. प्रेषित (स.) स्वतःच्या चपला स्वतः सांधत, हे आपण मुलांना लहानपणीच सांगतो. मग दुरुस्तीच्या काउंटरवर बसलेल्या मुलाला "पढाई छोड़ दी" एवढीच ओळख का?

कारागिरांनाही एक गोष्ट सांगायची आहे. फोन ही अमानत आहे. आपल्या घरातल्या बायका-मुली बिघडलेला फोन महिनोन्‌महिने कपाटात ठेवतात, कारण आतले फोटो कोण पाहील ही भीती असते. ही भीती खोटी नाही. गिऱ्हाइकासमोर फोन उघडणं, गरज नसताना पॅटर्न न मागणं, पावतीवर आयएमईआय नंबर आणि बदललेल्या पार्टचं नाव लिहून देणं, एवढं केलं तरी विश्वास वाढेल. मुली या कामात आल्या तर आणखी वाढेल. गिऱ्हाइकानेही सिम आणि मेमरी कार्ड काढूनच फोन द्यावा. आयएमईआय नंबर आजच *#०६# दाबून वहीत लिहून ठेवावा, कारण फोन बंद पडल्यावर तो पडद्यावर दिसणार नाही. फोनाच्या खोक्यावरही तो छापलेला असतो. खोकं फेकू नका.

पण कारागीर कितीही हुशार असला तरी एका भिंतीपुढे थांबतो. ती भिंत कंपन्यांनी बांधली आहे. अस्सल पार्ट बाहेर मिळत नाही, बोर्डाचा नकाशा मिळत नाही, मागचं झाकण गोंदाने चिकटवलेलं असतं. काही फोनांत दुसरा पार्ट बसवला की सॉफ्टवेअर तो ओळखायला नकार देतं किंवा इशारा दाखवत राहतं. मग काउंटरवर "पूरा बोर्ड बदलना पड़ेगा, नया ले लो" हे उत्तर ऐकू येतं, आणि रिक्षावाला हप्त्यावर नवा फोन उचलतो.

जगात यावर पावलं पडत आहेत. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून फोनावर दुरुस्तीचे गुण छापणं बंधनकारक केलं. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये पार्ट सॉफ्टवेअरने जखडून ठेवण्यावर बंदी घालणारा कायदा केला. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नवा नियम आहे. मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग पुरवायचे, आणि बॅटरीने ८०० वेळा चार्ज झाल्यावरही निदान ८० टक्के क्षमता टिकवायची. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, २४ डिसेंबर २०२२ ला पोर्टल सुरू केलं. मोबाइल आणि टॅबलेटच्या दुरुस्ती निर्देशांकावरचा तज्ज्ञ समितीचा अहवाल मे २०२५ मध्ये सरकारकडे गेला. दिशा बरोबर आहे. पण अहवालाने कुर्ल्याच्या काउंटरवर पार्ट येत नाही. निर्देशांक बंधनकारक व्हायला हवा, आणि सुटे भाग व माहिती स्वतंत्र कारागिराला रास्त भावात मिळण्याची सक्ती हवी.

तोवर हातात असलेला कायदा वापरा. पक्कं बिल घ्या. वॉरंटीत असूनही टोलवाटोलवी होत असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही तक्रार करता येते. तिथेही काम झालं नाही तर उपनगरवासीयांसाठी जिल्हा ग्राहक आयोग वांद्र्याला आहे. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. मराठीत नीट अर्ज लिहिणं, तारखा क्रमाने मांडणं, सोबत कागद जोडणं एवढं जमलं तरी पुष्कळ आहे. उर्दू शाळेत मराठीच्या तासाला मी अर्जलेखन शिकवतो, ते गुणांपुरतं उरू नये असं मला नेहमी वाटतं.

शेवटी सरकारी यंत्रणेलाही एक प्रश्न. नागरिकाची प्रत्येक वाट एका नंबरवर येणाऱ्या सहा आकड्यांतूनच का जावी? प्रवेश, रेशन, स्कॉलरशिप, अनुदान या प्रत्येक ठिकाणी फोनाशिवायचा एक मार्ग असायला हवा. शाळेत किंवा वॉर्ड ऑफिसात माणूस ओळख पटवून काम पूर्ण करू शकेल, असा. फोन हे यंत्र आहे आणि यंत्र कधीतरी बंद पडणारच. त्याच्यासोबत एखाद्या मुलीचं वर्ष बंद पडलं, तर तो दोष बॅटरीचा म्हणता येणार नाही.