रेल्वेचा तोटा दिसतो, रस्त्याचा दिसत नाही

बंगळुरू : हेब्बाळ ते सिल्क बोर्ड जंक्शन या सुमारे १६.७५ किलोमीटरच्या नियोजित भुयारी रस्त्यासाठी अंदाजे १७,७०० कोटी रुपये खर्च अपेक्षित आहे. याच शहरासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२० मध्ये मंजूर केलेला १४८ किलोमीटरचा उपनगरी रेल्वे प्रकल्प १५,७६७ कोटी रुपयांचा आहे. म्हणजे भुयारी रस्त्याच्या एका किलोमीटरला हजार कोटींहून अधिक, तर रेल्वेच्या एका किलोमीटरला सुमारे १०६ कोटी. भुयार खोदणे महाग असते, उपनगरी रेल्वेला बरीच जमीन रेल्वेचीच मिळते आणि तिचा अंदाजही जुना आहे. त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही. तरीही शहराने मर्यादित पैसा कोणासाठी खर्चावा, हा प्रश्न त्यातून उभा राहतोच.

रस्त्याच्या एका मार्गिकेवरून तासाला साधारण दोन हजार मोटारी जाऊ शकतात. एका मोटारीत सरासरी दीड प्रवासी धरला तर ही संख्या तीन हजार होते. दोन हजार प्रवासी नेणारी गाडी दर चार मिनिटांनी सोडल्यास एका लोहमार्गावरून तासाला तीस हजार प्रवासी जातात. एक कोटीहून अधिक नोंदणीकृत वाहने असलेल्या बंगळुरूत या दहापट फरकाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ‘वाहने नव्हे, माणसे हलवा’ हेच २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचे सूत्र होते.

मग निर्णय रस्त्याच्या बाजूने का झुकतात? याचे एक कारण हिशेबाच्या पद्धतीत आहे. प्रवासी सेवेवर १०० रुपये खर्च होत असताना तिकिटातून सरासरी ५४ रुपयेच मिळतात, असे रेल्वे मंत्रालय सांगते. २०२२-२३ मध्ये ही सवलत ५६,९९३ कोटी रुपयांवर गेली. हा आकडा एकाच खात्यात, एकाच ओळीत दिसतो. रस्त्याचा तोटा मात्र विखुरलेला असतो. देखभाल पालिकेच्या अंदाजपत्रकात, वाया गेलेले इंधन नागरिकांच्या खिशात, प्रदूषणाचा भार रुग्णालयांवर. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. ही किंमत कोणत्याही उड्डाणपुलाच्या ताळेबंदात लिहिली जात नाही.

जमिनीचेही तसेच. नियोजनाच्या प्रचलित निकषांनुसार एका मोटारीला उघड्या वाहनतळावर २३, तर तळघरात ३२ चौरस मीटर जागा धरली जाते. अनेक कुटुंबांच्या घराएवढी ही जागा रस्त्याकडेला बहुधा फुकट वापरली जाते.

या दुजाभावाचा फटका बसतो तो तिकीट काढणाऱ्याला. बंगळुरू मेट्रोचे कमाल भाडे फेब्रुवारी २०२५ मध्ये ६० वरून ९० रुपये झाले आणि प्रवासी संख्या घटली. मेट्रोने खर्च भाड्यातून भागवावा, ही अपेक्षा ठेवली जाते. बहुतेक शहरी रस्त्यांकडून ती ठेवली जात नाही. मुंबईच्या सागरी किनारा मार्गावर टोल नाही आणि दुचाकी व रिक्षांना प्रवेशही नाही. त्याचा खर्च मात्र लोकलने प्रवास करणाऱ्या करदात्यांच्या पैशातूनही झाला आहे.

रेल्वेची बाजू निर्दोष आहे असे नाही. बंगळुरूच्या उपनगरी रेल्वेची पायाभरणी जून २०२२ मध्ये झाली, तेव्हा ४० महिन्यांची मुदत जाहीर झाली होती. ती उलटून गेली; गाडी धावलेली नाही. कागदावर स्वस्त असलेला प्रकल्प विलंबाने महाग होतो आणि तोवर नागरिक कर्ज काढून वाहन घेतात. मुंबईत रोज सत्तर लाखांहून अधिक प्रवासी वाहणाऱ्या लोकलमधील जीवघेणी गर्दी हेही गुंतवणुकीतील दीर्घ हेळसांडीचे फळ आहे. बस, रुग्णवाहिका आणि मालवाहतुकीसाठी रस्ते लागणारच.

उत्पन्नाचा मार्ग नाही, असेही नाही. हाँगकाँगमध्ये स्थानकांलगतच्या जमिनीच्या विकासातून रेल्वे आपला मोठा खर्च भागवते. स्थानकामुळे वाढलेल्या जमीनमूल्याचा वाटा भारतात बहुतांशी खासगी मालकांकडे जातो. तो वाटा सार्वजनिक वाहतुकीकडे वळवणे आणि रस्ता व रेल्वे यांचा संपूर्ण खर्च एकाच मापाने मोजणे, या दोन गोष्टी झाल्या तर बंगळुरूसमोरची निवड अधिक स्पष्ट होईल. तोवर अनुदान दोन्हीकडे राहील. फक्त एकालाच तोटा म्हटले जाईल.